रिंग होती, तरी लाइन जायची: बॅकअप रस्ता बसवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातला मध्यम आकाराचा एक आयएसपी, म्हणजे इंटरनेट पुरवणारी कंपनी. नाव देत नाही, ग्राहक ओळखू येईल अशी माहिती काढलीय, एक-दोन गावंही इकडची तिकडे केलीत आणि हिशोब सोपा जावा म्हणून आकडे गोल केलेत. मी यात बाहेरून डिझाइन बघायला होतो.

ग्राहक दोन प्रकारचे. एक म्हणजे केबलवाल्यांमार्फत घरोघर जाणारं ब्रॉडबँड. दुसरे म्हणजे पतसंस्था, सहकारी बँकांच्या शाखा, साखर कारखाने आणि काही हॉस्पिटलं, ज्यांना एमपीएलएसवर (पॅकेटला लेबल चिकटवून त्यावरून रस्ता ठरवायची पद्धत) स्वतःचं खासगी व्हीपीएन, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळं नेटवर्क, दिलेलं. नेटवर्क म्हणजे एक रिंग: पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, मिरज, सोलापूर आणि परत पुणे. इंटरनेटचं गेटवे पुण्यात, बँकांची डेटा सेंटरंही पुण्यातच, त्यामुळे जवळजवळ सगळं ट्रॅफिक पुण्याच्या दिशेने. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत स्वतःचं फायबर. पुणे–सातारा, मिरज–सोलापूर आणि सोलापूर–पुणे हे तीन तुकडे मात्र मोठ्या ऑपरेटरांकडून भाड्याने घेतलेली इथरनेट सर्किटं, म्हणजे दोन्ही टोकांना त्यांचा डबा बसवलेला आणि त्याला आपला राउटर जोडलेला.

आत ओएसपीएफ, जे राउटरांना सगळ्यात कमी कॉस्टचा रस्ता काढून देतं, आणि एलडीपी, जे त्या रस्त्यांची लेबलं वाटतं. सगळ्या लिंकची कॉस्ट, म्हणजे रस्ता निवडताना धरायचं अंतर, १०, फक्त मिरज–सोलापूरची ४०, कारण ते सर्किट १ जीबीपीएसचं आणि बाकी सगळं १० जीबीपीएसचं. एरवी त्या लिंकवर कोणी जाऊ नये, अडीअडचणीलाच वापरावी असा विचार, आणि तेव्हा तो बरोबरच वाटलेला.

रिंग का हवी हे या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हायवेच्या रुंदीकरणात जेसीबीचा एक फटका बसला की फायबर गेलं. त्यात पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, रस्ताच बंद, म्हणजे तुटलेलं फायबर जोडणारा स्प्लायसिंगवाला मशीन घेऊन निघाला तरी पोचणार कसा. अशा वेळी दुसऱ्या बाजूचा रस्ता काही मिनिटं नाही तर काही दिवस चालवावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच हॉस्पिटलला आणि बँकेला लाइन सगळ्यात जास्त लागते.

अडचण काय होती

पुणे–सातारा तुटलं की दर वेळी एकच चित्र. आधी पाऊण मिनिट सगळं ठप्प. मग ब्रॉडबँड परत यायचं, थोडं हळू पण यायचं, एनओसीच्या, म्हणजे नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या खोलीच्या, स्क्रीनवर सगळं हिरवं. पण पतसंस्थांचे फोन बंद व्हायचे नाहीत. एनओसीतला मुलगा म्हणायचा, "सर, पिंग येतोय ना?" आणि पलीकडून मॅनेजर म्हणायचे, "अहो पिंग येतोय, पण सॉफ्टवेअर उघडत नाही, लॉगिन करून नुसतं गोल फिरतंय, बाहेर लोक उभे आहेत." मूळ सर्किट दुरुस्त झालं की आपोआप सगळं चालू.

शेठचं म्हणणं साधं होतं. दोन्ही बाजूंचे पैसे भरतोय, मग माझा ग्राहक बंद का पडतो? आणि हा प्रश्न रास्त होता. टीममध्ये मात्र हे एकच दुखणं समजलं जात होतं, "फेलओव्हर नीट होत नाही" एवढंच. प्रत्यक्षात दुखणी दोन होती आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

कारणं शोधताना

पहिलं, पाऊण मिनिट. तुटायचं ते ऑपरेटरच्या फायबरमध्ये, मध्ये कुठेतरी. आपल्या पुण्याच्या आणि साताऱ्याच्या राउटरला समोर दिसतो तो ऑपरेटरचा डबा, आणि तो चालूच असतो, लाइट येत असतो, पोर्ट अप. मग राउटरला कळणार कधी? ओएसपीएफचे हॅलो, म्हणजे समोरच्या राउटरचे "मी आहे" असे ठरावीक वेळाने येणारे निरोप, यायचे थांबले की. हॅलो १० सेकंदाला आणि डेड टाइम ४० सेकंद, म्हणजे डिफॉल्ट जसं असतं तसं. तेवढा वेळ दोन्ही राउटर पॅकेट मेलेल्या सर्किटमध्ये ओतत राहणार. स्वतःच्या फायबरवर, समजा कराड–कोल्हापूरमध्ये, तुटलं की लाइट जातो आणि राउटरला तत्काळ कळतं, म्हणून तिथली तक्रार कधी एवढी मोठी झाली नव्हती. काही ऑपरेटर आतली लाइन गेली की टोकाचं पोर्टही पाडतात, तशी सोय मागता येते, पण इथे करारात ती नव्हती आणि कोणी विचारलंही नव्हतं.

दुसरं जास्त चुकवणारं. ट्रॅफिक उलट्या बाजूने वळलं की मिरज–सोलापूर सर्किटवरून जायचं, आणि त्या सर्किटला फक्त १५०० बाइटचं आयपी पॅकेट मावेल एवढीच जागा होती. व्हीपीएनच्या पॅकेटवर दोन लेबलं लागतात, एक रस्त्याचं आणि एक व्हीपीएनचं, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे भरलेलं पॅकेट १५०८. आपल्या राउटरवर एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा, मोठा लावलेला, त्यामुळे राउटर खुशाल पाठवायचा आणि ऑपरेटरचा डबा गुपचूप फेकून द्यायचा. "पॅकेट मोठं आहे" असा निरोप उलट कोणालाच मिळायचा नाही. साधा पिंग छोटा असतो, तो जातो. लॉगिनचं पान छोटं, तेही जातं. पुढचा रिपोर्ट मोठा, तो अडकतो.

मग ब्रॉडबँड का चालायचं? कारण घरची कनेक्शनं पीपीपीओई या लॉगिनच्या पद्धतीवर, तिथे पॅकेट मुळातच १४९२ चं, आणि इंटरनेटच्या ट्रॅफिकला एकच लेबल, म्हणजे १४९६. काठावर मावायचं. एनओसी स्वतः तपासायची ती ब्रॉडबँडवरूनच, त्यामुळे बॅकअप चालतोय असं सगळ्यांचं प्रामाणिक मत झालेलं. व्हीपीएनच्या आतून १४७२ बाइट डेटाचा पिंग, तुकडे करू नको असा बिट लावून मारला तेव्हा पहिल्याच मिनिटात कळलं. १४७२ आणि हेडरचे २८ मिळून बरोबर १५००.

पर्याय कोणते होते

पहिली सूचना आली ती ओएसपीएफचे टायमर कमी करायची. हॅलो १, डेड ४ केला की चाळीसचे चार सेकंद होतात, खर्च शून्य. पण राउटरच्या मुख्य सीपीयूवर भार येतो आणि चार सेकंदांतही बँकेचं सेशन कधीकधी तुटतंच. बीएफडी हे याच कामासाठी बनलेलं आहे, हलकं, लाइन कार्डवर चालू शकतं, आणि सेकंदाच्या आत सांगतं की समोरचा गेला. तिथे फार वाद झाला नाही.

वाद झाला तो पुढच्या गोष्टीवर. तुटलं हे कळल्यावर काय? कळल्यानंतर ओएसपीएफने सगळीकडे बातमी पोचवायची, प्रत्येक राउटरने नवा हिशोब करायचा, टेबल भरायचं, यात परत सेकंद-दोन सेकंद जातात. त्याऐवजी दुसरा रस्ता आधीच काढून टेबलात तयार ठेवायचा आणि लिंक पडताक्षणी त्यावर उडी मारायची, हा फास्ट रीरूटचा मुद्दा.

सगळ्यात सोपा प्रकार एलएफए, म्हणजे आधीच हेरून ठेवलेला पर्यायी शेजारी, आरएफसी ५२८६ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तंत्रांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), २००८ चा. नियम एवढाच की ज्या शेजाऱ्याला पॅकेट द्यायचं त्याने ते माझ्याकडेच परत पाठवता कामा नये. साताऱ्याचं बघा. पुण्याची लिंक गेली, उरलेला शेजारी एकच, कराड. कराडहून पुणे २० अंतरावर, आणि कराड–सातारा १० अधिक सातारा–पुणे १०, तेही २०. शेजाऱ्याचं अंतर कडक कमी हवं, इथे ते बरोबरीचं आहे, म्हणजे नापास. कराडला बातमी मिळेपर्यंत तो ते पॅकेट साताऱ्यालाच परत देणार आणि दोघांत टोलवाटोलवी होणार. रिंगमध्ये हे जवळजवळ सगळीकडे होतं, आणि आपल्याकडची बहुतेक नेटवर्क तर रिंगच असतात! तरी एका व्हेंडरच्या माणसाने "एक कमांड टाका, झालं" असं सांगून ठेवलेलं होतं.

मग रिमोट एलएफए, आरएफसी ७४९०, २०१५. यात शेजाऱ्याच्या पलीकडचा असा एक राउटर शोधतात की जिथपर्यंत मी तुटलेली लिंक न वापरता पोचतो आणि जो पुढे तुटलेली लिंक न वापरता पुण्याला पोचतो. तिथपर्यंत पॅकेट लेबलच्या बोगद्यातून न्यायचं आणि सोडायचं.

इथे या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण आला. कागदावर हिशोब केला. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी मिरज मिळत होतं: पुणे सोलापूरला देतो, सोलापूर थेट मिरजेला नेतो, मिरज कोल्हापूर–कराड करत साताऱ्याला. पण उलट दिशेने, साताऱ्याहून पुण्याकडे, असा एकही राउटर नव्हता. कारण ती ४० ची कॉस्ट. मिरजेहून पुणे सोलापूरमार्गे ४० अधिक १०, म्हणजे ५०, आणि कोल्हापूर–कराड–सातारामार्गे ४०. म्हणजे मिरजेपर्यंत पोचलेलं पॅकेट मिरज परत साताऱ्याकडेच वळवणार. आणि सोलापूरपर्यंत थेट जावं म्हटलं तर साताऱ्यालाच काय, कराडलाही सोलापूर पुण्यामार्गेच जवळ. पुण्याच्या राउटरवर कमांड मारली तर "सुरक्षित" दिसत होतं, साताऱ्याच्या राउटरवर काहीच नव्हतं. फक्त पुण्यात बघून कोणी काम संपलं म्हटलं असतं तर डाउनलोडला बॅकअप आणि अपलोडला नाही अशी अर्धी व्यवस्था झाली असती, आणि टीसीपीला, ज्यात पाठवलेल्याची पोच उलट यावी लागते, अर्धा रस्ता असून काही उपयोग नाही.

उरले दोन पर्याय. आरएसव्हीपी-टीई, म्हणजे ट्रॅफिकचा रस्ता स्वतः आखून द्यायची पद्धत, तिचा फास्ट रीरूट, आरएफसी ४०९०, २००५ चा, जुना आणि भरवशाचा. बायपास टनेलचा रस्ता हाताने लिहून देता येतो, कॉस्ट काहीही असो. पण सगळं ट्रॅफिक टनेलमध्ये घालायचं, प्रत्येक लिंकला दोन्ही दिशांनी बायपास लिहायचा, आणि टीम तीन माणसांची, त्यातला एकच ज्याला टीई येतं. तो सुट्टीवर असताना रात्री काही झालं तर? दुसरा पर्याय सेगमेंट राउटिंग, म्हणजे पॅकेटवरच रस्ता लिहून देणं, आणि त्यावर चालणारा एलएफएचा पुढचा प्रकार टीआय-एलएफए. त्याला ४० च्या कॉस्टचा त्रास नाही, मिरजेपर्यंत जा आणि मग सोलापूरची लिंक धर असं थेट सांगता येतं. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात चांगलं तेच. पण साताऱ्याचा आणि कराडचा राउटर ते करत नव्हता, आणि नवे घ्यायला त्या वर्षी पैसे नव्हते.

काय ठरलं आणि काय केलं

ठरलं ते असं: रिमोट एलएफए, आणि मिरज–सोलापूरची कॉस्ट ४० वरून २५. मग मिरजेहून पुणे सोलापूरमार्गे ३५, दुसरीकडून ४०, म्हणजे मिरज दोन्ही दिशांना कामाला येतं. किंमत एकच, मिरजेचं स्वतःचं ट्रॅफिक आता रोज त्या १ जीबीपीएसच्या सर्किटवरून जाणार. कोल्हापूर जात नाही, त्याला अजून कराडमार्गेच जवळ, ३० विरुद्ध ४५. मिरजेचं ट्रॅफिक तेव्हा मावत होतं. मला यात एक फायदाही दिसला, तो म्हणजे रोज वापरात असलेली लिंक बिघडली की रोज कळतं, नुसती पडून असलेली लिंक कधी बिघडली ते गरजेच्या दिवशीच कळतं.

पण त्याआधी एमटीयू. हा क्रम मुद्दाम धरला, कारण आधी फेलओव्हर वेगवान केला असता तर बँका चाळीस सेकंदांऐवजी अर्ध्या सेकंदात बंद पडल्या असत्या, एवढाच फरक. तिन्ही सर्किटवाल्यांकडे किमान १६०० बाइट मागितले. दोन लेबलांचे १५०८ पुरले नसते. रिमोट एलएफएच्या बोगद्याचं तिसरं लेबल लागतं, म्हणजे पुणे–सोलापूरवर १५१२. दोन ऑपरेटरांनी मेलवर करून दिलं, एकाने डबा बदलावा लागेल म्हणून बराच वेळ घेतला आणि तोवर पुढचं काम थांबवून ठेवलं. थांबवणं सगळ्यांना आवडलं नाही, पण शेठनी साथ दिली.

मग क्षमता. पुणे–सातारा पडलं की सातारा, कराड, कोल्हापूर सगळ्यांचं ट्रॅफिक १ जीबीपीएसमध्ये घुसणार, आणि संध्याकाळी तर ते त्याच्या कितीतरी पट. ठरवलं की व्हीपीएन आणि आवाजाचं ट्रॅफिक आधी, ब्रॉडबँडला उरेल ते, आणि एमपीएलएसच्या लेबलमधल्या प्राधान्याच्या बिटांवर रांगा लावल्या. यावर बैठकीत चांगलीच गरमागरमी झाली. केबलवाल्यांचं बघणारे काका म्हणाले, "घरचा ग्राहक पण पैसे देतो की, त्याने काय पाप केलं?" मला वाटतं त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी ब्रॉडबँडलाही किमान हिस्सा राखून ठेवला, पूर्ण उपाशी ठेवलं नाही, आणि सर्किट वाढवायचा दर मागवला.

बीएफडीचे आकडे हा पुढचा वादाचा मुद्दा. ५० मिलिसेकंद गुणिले ३ लावा (दर ५० मिलिसेकंदाला एक पॅकेट, सलग तीन चुकली की लिंक गेली) असा आग्रह होता, कारण "५० मिलिसेकंद" हा आकडा एसडीएच या जुन्या ट्रान्समिशन तंत्राच्या काळापासून सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. साताऱ्याच्या जुन्या राउटरवर बीएफडी सीपीयूवर चालत होतं, तिथे असा प्रयोग केला तर सीपीयू जरा कामात गेला की बीएफडी खोटंच "लिंक गेली" ओरडायचं. म्हणून पुणे–सातारा १०० गुणिले ३. सोलापूर–पुणे सर्किटला ऑपरेटरचं स्वतःचं आतलं संरक्षण होतं, ते आधी आपलं काम करू दे म्हणून तिथे ३०० गुणिले ३. दोन थरांनी एकाच वेळी उड्या मारायला लागलं की गोंधळ वाढतो.

परतीचा रस्ताही बघावा लागला. स्प्लायसिंग चालू असताना लिंक येते, जाते, परत येते. दर वेळी ट्रॅफिक धावत परत नको म्हणून लिंक काही मिनिटं सलग टिकली तरच ती वापरात घ्यायची असं लावलं, आणि एलडीपीची लेबलं तयार होईपर्यंत ओएसपीएफने त्या लिंकची कॉस्ट खूप जास्त दाखवायची अशी जोडणी केली. नाहीतर रस्ता दिसतो पण लेबल नाही, आणि व्हीपीएन परत काही सेकंद आंधळं होतं.

चाचणी आणि निकाल

चाचणी म्हणून टीमने राउटरवर पोर्ट शटडाउन केलं आणि म्हणाले बघा, एकही पॅकेट जवळजवळ पडलं नाही. पण ही चाचणी या बिघाडाची नव्हतीच, शटडाउन केलं की राउटरला स्वतःलाच माहीत असतं. खरा बिघाड म्हणजे पोर्ट अप आणि आतून लाइन गेलेली. म्हणून रात्रीच्या विंडोमध्ये ऑपरेटरच्या माणसाला फोनवर धरून त्यांच्या नेटवर्कमधूनच सर्किट बंद करायला लावलं. साताऱ्याच्या एका शाखेतून १० मिलिसेकंदाला एक असा पूर्ण आकाराचा पिंग चालू. तीस-पस्तीस पॅकेट पडली, म्हणजे तीन-साडेतीनशे मिलिसेकंद, बहुतेक वेळ बीएफडीला कळण्यातच गेला. उलट दिशेनेही तेवढंच. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर उघडं ठेवलं होतं, सेशन टिकलं, मोठा रिपोर्टही आला.

५० मिलिसेकंद गाठले नाहीत. या ग्राहकांना त्याची गरजही नव्हती, चालू फोन कॉलमध्ये आवाज क्षणभर अडखळतो आणि पुढे चालतो. त्यानंतर पावसाळ्यात खरोखर सर्किट तुटलं तेव्हा एनओसीला अलार्मवरून कळलं, फोनवरून नाही. ब्रॉडबँड मात्र संध्याकाळी रडलं आणि काकांनी ते ऐकवलंच. त्या महिन्यात मिरज–सोलापूर वाढवायचा निर्णय झाला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी केएमझी फाइली, म्हणजे फायबरचा रस्ता नकाशावर दाखवणाऱ्या फाइली, मागवायला हव्या होत्या. त्या शेवटी आल्या. गूगल अर्थवर एकावर एक टाकल्या तेव्हा दिसलं की पुणे–सातारा आणि सोलापूर–पुणे, दोन वेगळे ऑपरेटर, दोन वेगळी बिलं, पण पुण्यात शिरताना शेवटचा काही भाग एकाच रस्त्याच्या एकाच कडेने जातात. तिथे एक खड्डा खणला की रिंगची दोन्ही टोकं एकदम गेली, आणि मग एलएफए असो की टीआय-एलएफए, कोणीच काही करू शकत नाही. राउटरला हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, त्याच्यासाठी त्या दोन स्वतंत्र लिंक. सोलापूरच्या बाजूचा हँडऑफ, म्हणजे ऑपरेटर सर्किट आपल्या हाती देतो ती जागा, पुण्यातल्या दुसऱ्या इमारतीत घ्यायचं ठरलंय, तिथून डेटा सेंटरपर्यंत वेगळ्या रस्त्याने फायबर मिळतंय का ते बघणं चालू आहे. मार्च २०२३ पासून केंद्राचं खोदण्याआधी कळवायचं सीबीयूडी ॲप आहे, त्यावर स्वतःच्या फायबरची नोंद करायलाही सांगितलंय, निदान सातारा–मिरज पट्ट्यासाठी.

दुसरं, सर्किट घेतानाच करारात तीन ओळी हव्यात: किमान एमटीयू किती, आतली लाइन गेली तर टोकाचं पोर्ट पाडणार का, आणि रस्ता बदलला तर नवी केएमझी देणार का. नंतर मागितलं की प्रत्येक गोष्टीला मेलामेली आणि महिने.

२५ च्या कॉस्टबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे. ती आजच्या आकाराला बसते. उद्या कोल्हापूर आणि मिरजेच्या मध्ये इचलकरंजीला नवा पीओपी, म्हणजे राउटर असलेलं नवं केंद्र, टाकला तर मिरजेहून साताऱ्याकडचा रस्ता लांबतो आणि हिशोब परत करावा लागतो, दोन्ही दिशांनी, प्रत्येक राउटरवर. म्हणून एनओसीच्या महिन्याच्या कामात सहाही राउटरवरचं संरक्षण तपासणं आणि व्हीपीएनच्या आतून बॅकअप रस्त्याने १४७२ चा पिंग मारणं घातलंय. साताऱ्याचे आणि कराडचे राउटर बदलतील तेव्हा टीआय-एलएफए घ्यायचं, तोपर्यंत हेच.